रऊफभाईंचं बारीक अक्षर

रऊफभाईंचं सगळ्यात मोठं नुकसान कोणी केलं असेल, तर रऊफभाईंनीच. हे ते स्वतः सांगत, आणि अमरावतीच्या पत्रिका छापणाऱ्यांपैकी कोणी नाही म्हणत नसे.

दोन वर्षं डोळे फोडून त्यांनी कॉम्प्युटरवर एक फॉन्ट घडवला. उभा दांडा चांगला जाड, पण वळणं आणि वरची शिरोरेषा केसाएवढी बारीक. दांड्याच्या टोकाला इवलंसं पाऊल. त्याला नाव दिलं बायकोचं, 'अनवरी'.

"एवढी बारीक मी कवा होती?" अनवरीबी म्हणाल्या.

लग्नपत्रिकेवर मात्र ते अक्षर असं खुललं, की थेट तिवशाहून गिऱ्हाईक येऊ लागलं. पत्रिका, अत्तराची बाटली, मिठाईचा डबा. माणूस जे हातात धरून बघतो, त्यावर 'अनवरी'ला तोड नव्हती. झालं! रऊफभाई स्वतःला मोठे कलाकार समजू लागले.

लेक मिस्बाह दातांची डॉक्टर. तिनं दर्यापूरला दवाखाना थाटला. "अब्बा, बोर्ड जीपमधून दिसला पायजे. अक्षर ठळक टाका," ती म्हणाली.

"माह्या पोरीचा दवाखाना हाय, खताचं दुकान नाई," असं सुनावून त्यांनी बोर्ड 'अनवरी'तच केला. तरुणपणी पाट्या रंगवायचे, तेव्हा रस्त्यापलीकडून बघितल्याशिवाय पाटी देत नसत. पत्रिका करता करता ती सवय मोडली. बोर्डाचा नमुना त्यांनी टेबलावरच हातभर अंतरावरून पाहिला आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

महिना झाला, पेशंट फिरकेना. जागाच वाईट असेल, असं म्हणत रऊफभाई लेकीला न कळवता निघाले. जीपवाल्याला ऐटीत सांगितलं, "रस्ता मले ठाव नाई, पन बोर्ड दिसला की सांगतो." बोर्ड काही दिसला नाही. एका दाराशी पुठ्ठ्यावर मार्करनं खरडलेलं तेवढं दिसलं, 'दाताचा दवाखाना इथं'.

"कोन्या गधड्याचं अक्षर हाय हे? माह्या पोरीच्या गावात दुसरा दवाखाना?" असं पुटपुटत ते पार गावाबाहेर गेले, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

उन्हात दोन किलोमीटर मागे चालत आले. त्यांना पाहून मिस्बाहनं घाईघाईनं पुठ्ठा ओढणीआड घेतला. रऊफभाईंनी वर बघितलं. बारीक रेषा उन्हात पार विरून गेलेल्या, उरले होते नुसते दांडे, कुंपणाच्या काड्यांसारखे.

"मले सांगितलं काहून नाई?"

"तुमी किती खूश होते, अब्बा. पुठ्ठा तं कालच लावला. तुमी येनार हे मालूम असतं, तं काढून ठेवला असता."

रऊफभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचं मन राखायला पोरीनं रिकाम्या दवाखान्यात महिना काढला होता. त्यांनी बाजारातून लाल रंग, ब्रश आणला, शेजाऱ्याची शिडी मागितली आणि स्वतःच्या हातानं 'अनवरी'वर जाडजूड, ढब्बू अक्षरं चढवायला घेतली.

'दवाखाना' एवढं लिहून होतं न होतं, तोच एक जीप थांबली. गालाला हात लावलेली म्हातारी खाली उतरली.

"अरे पेंटर, डॉक्टरीन हाय का आत?"

"हाय, हाय!" रऊफभाई शिडीवरूनच ओरडले. "जा न बिनधास्त आत, माहीच पोरगी हाय!"