रिजेक्टसाहेबांचं ‘नको’

रिजेक्टसाहेब कुठलीही नवी वस्तू हातात आली की आधी ती कानाजवळ नेऊन हलवत. मग तो प्रेशर कुकर असो, मनगटी घड्याळ असो, की सोसायटीच्या कार्यक्रमात मिळालेलं स्मृतिचिन्ह. आत काही खुळखुळलं तर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. खुळखुळलं नाही तर संशय. माझा पहिला कॅमेरा त्यांनी असाच हलवला तेव्हा मी खाली दोन्ही हातांची ओंजळ धरून उभा होतो. “घाबरू नका प्रोफेसर,” ते म्हणाले, “पडायचा असता तर कंपनीतच पडला असता.” या वाक्यातला तर्क मला अजून सापडलेला नाही, पण ते अशा काही खात्रीनं म्हटलं गेलं की मला धीर आला.

ते चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि न आवडलेल्या खोक्यावर ‘रिजेक्ट’चा लाल स्टिकर चिकटवायचा, यात त्यांचा सगळा जन्म गेला. पुढे कंपनीनं ऐच्छिक निवृत्तीची योजना आणली. त्यातली ऐच्छिकता कंपनीची होती. साहेब घरी आले, पण टोपणनाव बरोबर आलं. मूळचे ते मावळातल्या जुन्या घरातले. निकाल द्यायचा असला की छापील मराठी बोलत, आणि आतून हलले की गावाकडची बोली वर येई. त्यामुळे त्यांचा रक्तदाब बाहेरूनही मोजता यायचा.

आमची ओळख रविवारच्या फोटोग्राफी गटातली. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवतो. म्हणजे ज्यांना ते नको असतं त्यांना देतो. गटात बरेचसे कंपनीतले लोक, थोडे आयटीवाले आणि एक दंतवैद्य. सकाळी देहूला इंद्रायणीकाठी पक्ष्यांचे फोटो काढायचे आणि मग टपरीवर बसून एकमेकांच्या फोटोंना ‘अप्रतिम’ म्हणायचं, असा कार्यक्रम असे. आमचे अध्यक्ष सैन्यातल्यासारखं अनेक खिशांचं जाकीट घालत. त्यांनी एकदा बॅटरी शोधायला सुरुवात केली आणि ती सापडेपर्यंत खंड्या मासा पकडून, खाऊन निघूनही गेला. रिजेक्टसाहेब त्या वेळी हळूच म्हणाले होते, “स्टोअरला बिन कार्ड पाहिजे. कुठल्या खणात काय, ते लिहिलेलं.”

पण गटातलं साहेबांचं खरं स्थान फोटोंमुळे नव्हतं. त्यांचे फोटो पासपोर्टच्या फोटोंसारखे असत. पक्षी सरळ समोर आणि थोडा घाबरलेला. त्यांचं स्थान होतं वॉरंटीमुळे.

कॅमेरा घेणाऱ्यांना ती वेळ माहीत असेल. मॉडेल ठरलेलं असतं, कार्ड मशीनमध्ये घातलेलं असतं, आणि काउंटरवरचा माणूस एकदम आवाज उतरवतो, जणू घरातली वाईट बातमी सांगायची आहे. “सर, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. त्यानंतर काही झालं तर?” त्या ‘तर’पाशी आमच्यातला प्रत्येक जण दुकानाबाहेर येऊन साहेबांना फोन करायचा. ओव्हरटाइम करकरून लेन्स घेणाऱ्या माणसाला तो ‘तर’ फार मोठा दिसतो. साहेब ऐकून घेत आणि एकच शब्द बोलत. “नको.”

कुणी फारच अडून बसलं तर स्पष्टीकरण मिळे. “माल खराब असेल तर पहिल्या वर्षातच बोंब होते. चांगला असेल तर पुढं काही होत नाही. मग तुम्ही विकत काय घेताय? भीती. ती फुकट मिळते.” एकदा अध्यक्षांनी त्यांना न विचारता वाढीव वॉरंटी घेतली. साहेबांनी टपरीवर त्या कागदाचं जाहीर वाचन केलं. खिशातलं भिंग काढून ते बारीक अक्षरं वाचत गेले. “पडला तर नाही. भिजला तर नाही. धूळ, वाळू, निष्काळजीपणा, दंगल, भूकंप, नाही. राहिलं काय? कपाटात ठेवलेला कॅमेरा कपाटातच आपल्या मनानं बिघडला, तर हे बघणार. तेही कपाट आतून कोरडं असेल तर.” लोक चहा सांडेपर्यंत हसले. अध्यक्षांनी कागद घडी करून एका खिशात टाकला. तो बहुधा अजून तिथंच असेल.

त्यांच्या या ‘नको’ला आम्ही हसत असू, पण त्यांना त्याची किती गरज आहे हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. सून, मुलगा, बायको सगळी माणसं चांगली. पण नवा फ्रिज आला होता आणि कुणी साहेबांना विचारलं नव्हतं. ते त्या फ्रिजकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते. कंपनीत त्यांच्या एका शब्दावर मालाचा अख्खा लॉट थांबत असे. आता जगात त्यांच्या शब्दावर थांबणारं काही उरलं असेल, तर ते आम्ही, कॅमेऱ्याच्या दुकानाबाहेर कानाला फोन लावून उभे असलेले.

त्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर मी माझा कॅमेरा साफ करायला पिंपरीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये टाकला होता. तो आणायला गेलो तर काउंटरपाशी साहेब. त्यांच्या हातातला कागद मी लांबूनही ओळखला, कारण तसल्याच कागदाचं वाचन मी ऐकलं होतं. ती वाढीव वॉरंटी होती. मी जाहिरातीच्या फलकामागे सरकलो. पन्नाशीच्या माणसानं फलकामागे लपणं शोभत नाही, पण समोर येणं त्याहून कठीण होतं.

काउंटरवरचा तरुण इंजिनिअर सौम्यपणे विचारत होता, “काका, कॅमेऱ्यावर काही सांडलं होतं का?”

“नाही.”

“आत ओल आहे. आणि गोड वास येतोय. आणि हे डायलच्या खाली...” त्यानं कागदावर काहीतरी झटकलं. “ही लाल पावडर कसली?”

साहेब ती पावडर बोटानं एका जागी करू लागले.

“काका?”

“कुंकू हाय,” साहेब म्हणाले.

झालं होतं असं. खंडेनवमीला कंपनीत मशिनं धुऊन पुसून त्यांना हार घालतात, हत्यारं मांडतात, नारळ फोडतात. साहेब दर वर्षी आपलं जाडी मोजायचं मायक्रोमीटर पाटावर ठेवत. निवृत्तीनंतर मायक्रोमीटर कंपनीत राहिलं आणि पाटावर कॅमेरा आला. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. नारळ मात्र जुन्या सवयीनं पाटाशेजारीच फोडला, जसा लोखंडाच्या मशिनीपुढे फोडतात. मशिनीला नारळाच्या पाण्याचं काही होत नाही.

“काका, लिक्विड डॅमेज यात बसत नाही,” इंजिनिअर म्हणाला. “हे बघा, इथं लिहिलंय.”

“दाखवू नका,” साहेब म्हणाले. “मला ठाऊक हाय.” कागदाची घडी घालता घालता ते वळले आणि फलकाच्या कडेला त्यांना माझे बूट दिसले.

आम्ही बाहेर येऊन समोरच्या हातगाडीवर चहा घेतला. मी हवेविषयी बोललो, मेट्रोविषयी बोललो. साहेबांनी काहीच ऐकलं नाही. मग स्वतःच सुरुवात केली.

“कॅमेरा घेतला तेव्हा दुकानात काउंटरवर बनसोडेची पोरगी होती. अस्मिता. नवीनच लागली होती. बनसोडे आमच्या प्रेस शॉपला होता, ठाऊक हाय का तुम्हाला? न्हाई, तुम्हाला कसं असणार. चांगला माणूस. कँटीनला शेजारी बसायचा, डब्यातली चटणी द्यायचा. आणि दुपारी मी त्याचाच माल रिजेक्ट करायचो. किती वेळा त्याचा ओव्हरटाइम माझ्या स्टिकरपायी गेला असंल. कधी शब्दानं बोलला न्हाई. पुढं काँट्रॅक्टवाले आले आन् तो घरी बसला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “पोरीनं मला ओळखलं. ‘काका, पप्पा तुमचं नाव काढतात’ म्हणली. मग तो कागद पुढं केला. मागं तिचा मॅनेजर उभा, तिच्या मानेवर डोळा ठेवून. वॉरंटी विकली न्हाई तर नोकरी पक्की करीत न्हाईत म्हणे. आयुष्यभर बापाचं रिजेक्ट केलं, प्रोफेसर. पोरीचंबी करू?”

“आणि कागद? वाचला नाहीत?”

“तिच्यादेखत भिंग काढू व्हय?”

ज्या माणसानं स्वतःच्या लग्नपत्रिकेतली चूक पकडली होती, त्यानं न वाचता सही केली होती. मला गंमत वाटायला हवी होती. मला आपण कुणाच्या तरी उघड्या दारातून आत बघतोय असं वाटत होतं. मी म्हणालो, “साहेब, हे माझ्याकडून कुणाला कळणार नाही.”

ते एकदम तापले. “का न्हाई कळणार? झाकायचं हाय का?”

पुढच्या रविवारी ते मेलेला कॅमेरा घेऊन देहूला आले. सगळ्यांचा चहा येईपर्यंत थांबले आणि उभे राहिले. त्यांच्या कंपनीत एक पद्धत होती: खराब भाग तपासणीतून सुटून गिऱ्हाइकापर्यंत पोचला, तर तपासणाऱ्यानं सकाळच्या मीटिंगला तो भाग हातात धरून सगळ्या शिफ्टसमोर उभं राहायचं आणि तो आपण पास केला, एवढंच सांगायचं. सबब सांगायची नाही. साहेबांनी कॅमेरा छातीशी धरला.

“याची वाढीव वॉरंटी मी घेतली,” ते छापील मराठीत म्हणाले. “न वाचता घेतली. तुम्हाला सगळ्यांना नको म्हणालो आणि स्वतः घेतली. हा मी पास केला.”

अस्मिताचं नाव नाही, बनसोडेचं नाही, मॅनेजरचं नाही. ती सबब ठरली असती.

पहिल्यांदा अध्यक्ष हसले. “अहो, बसा हो साहेब! माणूस म्हटलं की चालायचंच!” मग बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, “राव, आता फ्रिजची पण घेऊन टाका!” साहेबही हसण्याच्या बेतात होते. तेवढ्यात भोसरीच्या वर्कशॉपमधला गणेश बोलला. तो गटात सगळ्यात कमी बोलणारा.

“साहेब, माझ्या लेन्समधली फोकसची मोटर गेली होती. वर्ष संपलं आणि लगेच गेली. मी तुम्हाला विचारलं होतं घ्यायच्या वेळी.”

साहेब उभेच होते. “कधी झालं हे?”

“झालं तेव्हा. बोललो नाही.”

“का नाही बोललास?”

गणेशनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “कसं बोलणार? तुम्ही एवढं खात्रीनं सांगत होता. सगळे हसत होते. म्हटलं, आपलंच नशीब.” आणि मग, वाईट वाटून घेत, “जाऊ द्या साहेब. तुम्ही काय मुद्दाम सांगितलं का?”

मी नदीकडे बघत होतो. गणेशनं ती लेन्स विकून टाकली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला ‘हौस फिटली का?’ म्हणून चिडवलं होतं. मीही. माझा विनोद जरा जास्त चांगला होता, एवढाच फरक.

साहेबांनी कॅमेरा पिशवीत घातला. “एका वस्तूवरून लॉट ठरवत नाहीत, हे मी पोरांना शिकवायचो,” ते गणेशला म्हणाले. “आणि माझ्याकडं तर वस्तू न बघताच सगळ्यांना एकच उत्तर होतं.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गणेश लाजून उठून उभा राहिला.

त्यानंतर ते गटात आले नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप आला. दुकानाबाहेरून कुणी फोन केला तर म्हणत, “तुमचं तुम्ही ठरवा.” लोकांनी दोनतीनदा विचारलं, मग सोडून दिलं. आता गटात प्रत्येक जण आपापल्या मनानं वॉरंटी घेतो किंवा घेत नाही, आणि टपरीवर त्या विषयावर कुणी हसत नाही.

गेल्या महिन्यात मी लेन्स घ्यायला त्याच दुकानात गेलो. काउंटरवर अस्मिताच होती. तिनं कागद पुढे केला, आवाज उतरवला, आणि माझ्याही आयुष्यात तो ‘तर’ आला. मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

“माझं मत घेऊ नका,” ते म्हणाले.

“मत नको. मी काय करू ते सांगा.”

“काउंटरवर कोण हाय?”

“अस्मिता.”

तिकडे त्यांनी चालू असलेला टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “कागद वाचा. वाचताना तिच्याकडं बघू नका. मी उलटं केलं.”

मी आत गेलो. खुर्चीवर बसून सगळा कागद वाचला, बारीक अक्षरांसकट. अस्मितानं पाणी आणून ठेवलं. तिची सावली कागदाच्या कडेवर पडली होती आणि हलत नव्हती. त्या वॉरंटीत माझ्या उपयोगाचं काही नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला ते दिसलं असतं. मी “नको” म्हणालो. माझा निर्णय बरोबर होता. तो सांगताना मला मान वर करता आली नाही.

घरी पोचायच्या आत साहेबांचा फोन आला. “काय केलंत?”

“नको म्हटलं.”

“वाचून?”

“वाचून.”

“मग बरोबर केलंत,” ते म्हणाले. फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही. “ती काय म्हणली?”

“‘थँक यू सर, परत या’ म्हणाली.”

“मागं मॅनेजर होता का?”

मला आठवेना. मी वर बघितलंच नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून नुसतेच थांबलो.