लाल ठिपक्याचा माल

धम्मरत्न ओव्हाळ तुम्हाला पहिल्यांदा भेटला, तर नमस्काराआधी तो तुमच्या शर्टाची बटणं मोजेल. एखादं तुटलेलं असलं तर तो काही बोलणार नाही, पण पुढचं सगळं बोलणं त्या बटणाशीच करील. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट तो बावीस वर्षं तपासतोय. चांगल्याला हिरवा चिकट ठिपका, वाईटाला लाल. हिरव्या ठिपक्याचा माल गाडीत चढतो आणि कुठल्या कुठे निघून जातो. लाल ठिपक्याचा लाल पेटीत पडतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस टोमॅटोही तसेच घेणार. मोशीतला आमचा भाजीवाला त्याला लांबून पाहिलं की वांग्यांवर गोणपाट ओढतो.

त्याचं लग्न राहून गेलं. तीनदा मुली पाहायला गेला होता. तिन्ही वेळा त्याने मुलीकडच्यांना दाराची बिजागरी सैल असल्याचं सांगितलं आणि तिन्ही वेळा विषय पोह्यांपाशीच संपला.

अशा माणसाच्या घरात दोन पोरं आली. त्याची बहीण आणि मेहुणे एकाच अपघातात गेले. मागे दहा वर्षांची श्रद्धा आणि सहा वर्षांचा सनी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे नातेवाईक म्हणाले, "आम्ही आहोत ना!" मामालाही पोरं हवी होती, पण "तुझ्या घरात बाईमाणूस नाही," असं म्हणून त्याला गप्प बसवलं. मग 'आम्ही आहोत' म्हणणाऱ्यांनी पोरं आळीपाळीने ठेवून घेतली आणि पुढे सरकवली. आठ महिन्यांत तीन घरं झाली. शेवटी तळेगावच्या चुलत्याने त्यांना मामाच्या दारात आणून सोडलं, मोटारसायकल बंदसुद्धा न करता.

त्या रात्री सनी बूट घालूनच झोपायला निघाला.

"अरे, बूट काढ की."

"नको. मग निघताना वेळ लागतो."

प्रत्येक गोष्टीवर शेरा मारणाऱ्या मामाने यावर फक्त त्या बुटांचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने पिवळी चिकटपट्टी आणली आणि दारामागे जमिनीवर एक चौकोन आखला, बरोबर सनीच्या बुटांच्या मापाचा. "कंपनीत ज्याला असा चौकोन असतो ना, त्याची जागा कुणी हलवत नाही," त्याने सांगितलं. सनीने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी बूट चौकोनात आले. दप्तर मात्र दोन जोड कपड्यांसकट उशाशीच राहिलं.

श्रद्धाच्या वेण्या हे वेगळंच प्रकरण होतं. शेजारच्या रुबीनाने वेणी घालून दाखवली, तेव्हा मामाने मोबाइलवर सात फोटो काढले आणि आरशाशेजारी क्रमाने चिकटवले. त्यावरून त्याने घातलेली पहिली वेणी इतकी घट्ट झाली की पोरीच्या भुवया दिवसभर आश्चर्य वाटल्यासारख्या वर होत्या. गणिताच्या वह्यांवर मामा ठिपकेच लावायचा. सनीची वही त्यामुळे गोवर झाल्यासारखी दिसायची.

मग बालकल्याण समितीकडून निरोप आला. पोरं एकट्या, पाळ्यांवर काम करणाऱ्या मामाकडे राहावीत की संस्थेत जावीत हे ठरायचं होतं. त्यासाठी समितीच्या मिनल मॅडम घर पाहायला येणार होत्या, गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी.

मामाला एवढंच कळलं की ऑडिट आहे. आणि ऑडिट आलं की काय करायचं हे चाकणमध्ये शेंबडं पोरही सांगेल. जे जे डोळ्यांना खुपतं ते शेडच्या मागे टाकायचं. मामाकडे शेड नव्हती, शेजारी रुबीना होती. एका चाकाची सायकल, अर्ध्या सोंगट्यांचा कॅरम, सनीने जमवलेले नटबोल्ट, श्रद्धाने भिंतीवर लावलेली चित्रं, सनीचं दप्तर आणि खोक्यातली मांजर तीन पिल्लांसह, सगळं तिच्या घरात गेलं.

"धम्माभाऊ, आता मीच बाहेर राहू का?" रुबीनाने विचारलं.

"दोनच तास, ताई."

मग तालीम झाली.

"मॅडम म्हणाल्या, इथे कसं वाटतं? तर काय सांगायचं?"

"समाधानकारक," श्रद्धा म्हणाली.

"तक्रारी?"

"शून्य."

सनी हे सगळं पाहत होता. त्याला घासून आंघोळ घातली, नखं कापली, भांग पाडला. शेवटी मामाने त्याला दिव्याखाली उभं करून एकदा गोल फिरवलं आणि बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "ओके!"

सनी स्वयंपाकघरात निघून गेला.

मिनल मॅडम आल्या. खुर्चीत बसल्या. त्यांनी भिंती पाहिल्या, चकचकीत फरशी पाहिली, उतरत्या क्रमाने टांगलेले डाव पाहिले.

"ओव्हाळसाहेब, मुलं इथेच राहतात ना?"

"हो, मॅडम."

"मग त्यांचं सामान कुठे दिसत नाही ते?"

मामाने रुबीनाच्या दाराकडे पाहिलं. ऑडिटमध्ये त्याने माल लपवला होता, पण खोटं कधी बोलला नव्हता.

तेवढ्यात सनी बाहेर आला. अंगभर लाल ठिपके. कपाळावर, गालावर, गुडघ्यावर, कोपरावर.

"हे काय रे?" मॅडमनी विचारलं.

"मी रिजेक्ट आहे," सनी म्हणाला. "मला कुठे पाठवता येणार नाही. बघा. हा दात पडलाय. हा गुडघा फुटलाय. आणि हा," त्याने कपाळावर बोट ठेवलं, "सातचा पाढा येत नाही म्हणून."

मॅडमनी मामाकडे पाहिलं. मामाने श्रद्धाकडे पाहिलं. श्रद्धा तालीम विसरून म्हणाली, "मॅडम, मामाच्या कंपनीत ओके झालेला माल पाठवून देतात. मामा मघाशी त्याला ओके म्हणाला. आणि दप्तर पण भरून बाहेर नेलं."

लाल पेटीतला माल पुढे महिन्याने भंगारात जातो, हे मामाने पोराला कधी सांगितलं नव्हतं, एवढं नशीब.

मामा खाली फरशीवर बसला. "अरे येड्या, आज तुझी तपासणी न्हाई. माझी हाय."

"तुझी? कोण करतंय?"

"ह्या मॅडम."

सनीने मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं, बटणांसकट. मग गुडघ्यावरचा ठिपका सोलून काढला आणि मामाच्या कपाळावर दाबून बसवला. "झालं. आता तुला पण कुणी नेणार नाही."

तोच दार ढकललं गेलं. दारात रुबीना उभी होती. एका हातात मांजरीचं खोकं, खांद्याला दप्तर, मागे तिने ओढत आणलेली एका चाकाची सायकल. "धम्माभाऊ, दोन तास गेले चुलीत! तुमच्या मांजरीनं माझं सगळं दूध संपवलं. धरा तुमचा संसार... अगं बाई, पाहुणे आहेत का?"

"या, बसा," मॅडम म्हणाल्या. "यांची रात्रपाळी असते तेव्हा मुलं कुठे असतात?"

"माझ्याकडे, आणखी कुठं? पोरगी दोन भाकऱ्या खाते, हा तीन. मला खाला म्हणतो आणि वर सांगतो, कडा कच्च्या राहिल्या. मामाचाच भाचा!"

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. पिल्लू त्यांच्या ओढणीवर चढलं, तरी त्यांनी मान वर केली नाही. निघताना त्यांनी मामाला एवढंच सांगितलं, "भिंतीवरची चित्रं परत लावा."

तीन आठवड्यांनी आदेश आला. पोरं मामाकडेच राहणार. मामाने तो कागद चारदा वाचला, त्यातली टायपिंगची एक चूक शोधली आणि तिच्यावर कधी नव्हे तो हिरवा ठिपका लावला.

दप्तरातले दोन जोड कपडे आता कपाटात आहेत. दारामागचा पिवळा चौकोन बहुतेक वेळा रिकामाच असतो. एक बूट खाटेखाली, दुसरा मांजरीच्या खोक्यात किंवा गॅलरीत. रोज सकाळी शाळेची गाडी खाली हॉर्न वाजवत असते आणि मामा जमिनीवर पालथा पडून ओरडत असतो, "सन्या, दुसरा बूट कुठाय?"

"अरे मामा, थांब की जरा," सनी दूध पीत म्हणतो. "निघताना वेळ लागतोच."