जुन्या मालशेडमध्ये झोपलेला माणूस

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

भिवंडी स्टेशनजवळची रेल्वेची जुनी मालशेड दुरुस्त करून आम्ही तिथे मुलांसाठी अभ्यासिका करतोय. छप्पर झालं, म्हणून आज साफसफाईला गेलो. आत कोपऱ्यात एक माणूस गाढ झोपला होता. आमच्या समितीच्या सावंतकाकांनी त्याला हलवून उठवलं.

त्याचं नाव युसूफ. निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर रातपाळी करतो. म्हणाला, "मॅडम, लायब्ररी अच्छी चीज है. पण दिवसा मी झोपू कुठं? खोलीच्या भिंतीला लागूनच लूम चालतात."

मी म्हटलं, "मुलांनाही त्याच आवाजात अभ्यास करावा लागतो हो."

"मालूम है," म्हणत त्याने चादरीची घडी केली आणि तो निघाला.

मला राहवेना. "काका, मागचा भाग यांच्यासाठी ठेवू या ना."

काका भडकले. "मग अभ्यासिका कशाला, धर्मशाळाच काढ!"

तरी मी धावत जाऊन युसूफभाईंना उद्याही तिथेच झोपायला यायला सांगितलं. समितीला न विचारता.

शेड भरपूर मोठी आहे. मुलांना आणि रातपाळीवाल्यांना, दोघांनाही तिथे शांतता मिळाली, तर तुमची हरकत आहे का?