गणपतीची कंबर आणि तिसरी गादी

गणपती कांबळे एस.टी.चा ड्रायव्हर. अठरा वर्षांत त्याच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. सत्त्याण्णव सालच्या ऊसतोडीच्या दिवसांत मात्र त्याची कंबर धरली. आधी उठता-बसता कळ यायची, मग ती उजव्या मांडीतून पोटरीत उतरू लागली. तो कुणाला बोलला नाही. पाय गेलेल्या ड्रायव्हरला डेपोत कोण विचारतं?

एकदा नेसरीहून परत येताना उतारावर उसाची बैलगाडी आडवी आली. गणपतीने ब्रेक दाबला. पण पाय ब्रेकवर आहे की नाही, तेच त्याला कळेना. गुडघ्याखाली दुसऱ्याच कुणाचा तरी पाय जोडल्यासारखा. त्याने मान वाकवून खाली बघितलं. चप्पल ब्रेकवरच होती. मग सगळा जीव मांडीत आणून त्याने रेटा दिला, आणि गाडी उसाच्या शेंड्यांना घासून थांबली. मागे बायाबापड्या, पोरं धरून पन्नासेक माणसं.

"काय झालं वो गणपतराव?" कंडक्टर बाळासो ओरडला.

"काय न्हाय. बैल बुजला जरा."

खोटं बोलला, आणि घाम पुसत तशीच गाडी कोल्हापुरात आणली.

डेपोत कुणीतरी म्हणालं होतं, कंबरेला फळीवर झोपणं चांगलं. घरातल्या कापसाच्या जुन्या गादीला मधोमध खड्डा पडला होता. ती त्याने गुंडाळून ठेवली आणि नुसत्या फळीवर झोपू लागला. चौथ्या दिवशी सकाळी त्याला कुशीवर वळता येईना. आढ्याकडे बघत तो पडून राहिला. आपण आता असेच राहणार, दुसऱ्याने उठवल्याशिवाय उठणार नाही, असं त्याला वाटलं. तेव्हा त्याने बायकोला हाक मारली आणि उतारावरचं सगळं सांगून टाकलं.

"माणसं मारली असती गं मी, निशा."

निशाने आधी त्याला धरून उठवून बसवलं. मग म्हणाली, "आता स्टेरिंगला हात लावायचा न्हाय. नोकरी जाऊ दे, पर असल्या पायानं गाडी चालवायची न्हाय."

डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, तळव्याला टाचणी टोचून बघितली. "चकती सरकून शीर दाबली गेलीय. दीड महिना आराम करा. पाय सुधारला नाही तर ऑपरेशनचं बघू. झोपता कशावर?"

"फळीवर, साहेब."

"फळी काढा. खड्ड्याची गादीही नको. कंबरेला खालून आधार मिळेल अशी बघा."

ऑपरेशन हा शब्द गणपतीच्या छातीत जाऊन बसला. आता सगळं एका गादीवर आलंय, असं त्याला वाटू लागलं. चुकीची घेतली तर?

मंगळवार पेठेत अंबादास गादीवाल्याच्या दुकानात तो निशाच्या खांद्याचा आधार घेऊन शिरला.

"झोपून बघा की पावणं," अंबादास म्हणाला.

"आणि उठता आलं न्हाय तर?"

"आमी हाय की उठवायला! झोपा!"

पहिली फोमची. अंग आत गेलं आणि कंबरेतून वीज चमकली. दोघांनी धरून त्याला उठवलं. दुसरी काथ्याची, फळीसारखीच टणक. अंबादासने निशाला कंबरेखाली हात घालायला सांगितलं, तर हात आरपार गेला. "बघा, कंबर अधांतरी ऱ्हातीया," तो म्हणाला. तिसरी खाली काथ्या आणि वर फोमचा पातळ थर असलेली. गणपती डोळे मिटून, दात आवळून आडवा झाला. निशाचा हात यावेळी जेमतेम शिरला. कळ यायची म्हणून तो वाट बघत राहिला. ती आली, पण नुसती दबकत आली.

"काय वो? बोला की," निशा घाबरून म्हणाली.

"थांब. जरा पडू दे."

गादी घरी आली म्हणून जादू झाली नाही. पहिले आठ दिवस तो कूस बदलायलाही भ्यायचा. पण झोप लागू लागली, डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम जमू लागला, आणि महिन्याभराने उजव्या पायाच्या बधिर अंगठ्यात मुंग्या आल्या. त्या मुंग्यांनी त्याला रडू फुटलं. ऑपरेशन टळलं. डेपोत त्याने स्वतःच सगळं सांगितलं होतं, म्हणून सहा महिने बैठं काम मिळालं, आणि पुढे तपासणी होऊन गाडीही मिळाली.

दोन हजार नऊला तो निवृत्त झाला. तोवर रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तो चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलवून बघायचा. निशा जागी असली, तर त्याचा अंगठा हलवून होईपर्यंत तीही थांबायची.