ब्रोमेलियाडचं पिल्लू

खिडकीतल्या ब्रोमेलियाडचा लाल तुरा वाळला, पानं पिवळी पडली, तशी मी कुंडी उचलून कचऱ्याकडे निघाले. सासूबाईंनी अडवलं. "अगं, बुंध्याशी बघ तरी." खालच्या पानांआड वीतभर उंचीचं पिल्लू उभं होतं. हे झाड एकदाच फुलतं आणि पिल्लं वाढवत हळूहळू संपतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. सहा महिने मी त्यांना कशालाच हात लावू दिला नव्हता. आज मात्र त्यांनी सुरी मागितली. "मी काढते. तू नुसती कुंडी धर."

डाव्या हाताने त्यांनी माती सारली, पिल्लाची मुळं चाचपली आणि एका घावात ते वेगळं केलं. काथ्या घातलेल्या छोट्या कुंडीत ते लावून त्यांनी पानांच्या पेल्यात चमचाभर पाणी ओतलं. "जुनं टाकू नकोस. अजून एखादं देईल."

त्यांच्या हातून एकेक काम काढून घेण्यालाच मी काळजी म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्या कणीक मळायला आल्या. मी परात त्यांच्यापुढे सरकवली आणि बाजूला झाले.