हरभऱ्याचं अख्खं पान

बाई नमस्कार नंतर करत, आधी समोरच्याचा कान बघत. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, हे पाहिल्याशिवाय त्यांना माणूस पुरता भेटल्यासारखा वाटत नसे. "आईकडून आली की वडलांकडून?" हा पुढचा प्रश्न. मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात बाईंच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा वाटलं होतं की आधी नेमणुकीचे कागद मागतील. त्यांनी मला जीभ बाहेर काढायला लावली आणि तिची पन्हळ करता येते का ते पाहिलं. मला आली. बाईंना असा काही आनंद झाला, की नोकरी जणू मला त्यावरच मिळाली होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं अवघड असतं, कारण ती मध्येच थांबतात. बाई तुळशीबागेत थांबत, बसथांब्यावर थांबत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढणं थांबवून त्यांनी नवरदेवाच्या तिन्ही मावश्यांच्या हनुवट्या ओळीनं पाहून घेतल्या. वाढपी बिचारा श्रीखंडाचं पातेलं घेऊन ताटकळला.

स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. जपानवर पडलेल्या बॉम्बची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती, आणि किरणांनी पुढच्या पिढ्यांचं काय होतं याचा शोध जगभर चालला होता. कुणी माश्यांना किरण देत होतं, कुणी उंदरांना. बाईंनी हरभरा धरला. "उंदीर ठेवायला विभागाकडे जागा नाही आणि माझ्याकडे धीर नाही," असं कारण त्या सांगत.

किरण देण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे एक्स-रेचं होतं. दुपारी गर्दी ओसरली की बाई पिशवीत हरभरा घेऊन तिथे जात. पहिल्या दिवशी खिडकीतल्या कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"हरभरा."

"आडनाव?"

"लागत नाही."

"काय होतंय?"

"ते पुढच्या वर्षी कळेल," बाई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी या," म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली. डॉक्टर स्वतः बाहेर आले म्हणून निभावलं.

बी पेरायला शहराबाहेरच्या मांजरी गावात एका शेतकरी घराण्याकडून जमिनीचा तुकडा मिळाला. ते घराणं बियाण्याच्या हरभऱ्यासाठी नावाजलेलं होतं. मालकांच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. शेतावर हुकूम त्यांचाच चाले. पेरणीच्या दिवशी त्यांनी पिशवीकडे लांबूनच पाहिलं.

"बाई, ह्यात जपानवरचा बाम हाय म्हनं?"

"नाही हो मावशी. किरण आले तसे निघून गेले. झालीच असेल तर दाण्याच्या आत कुठे खोड झाली असेल."

"मग ती दिसंना कशी?"

"ह्यांच्यात नको, ह्यांच्या पोरांत बघा," बाई म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सांगताना त्यांचा आवाज चढे आणि पदर कमरेला खोचला जाई. प्रत्येक गुण झाडाला दोन वाटांनी मिळतो, एक वाट मोडली तरी दुसरी काम चालवून नेते, दोन्ही मोडक्या वाटा एकाच पोरात आल्या की मग खोड उघडी पडते, असं त्या मला, मावशींना आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही समजावत. एकदा कुणीतरी विचारलं की जपानमधल्या माणसांच्या पोरांचं काय. बाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "तिथे तपासताहेत. अजून कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून तर हरभऱ्याला विचारायचं. माणसावर असला प्रयोग कुणी करू नये."

पहिल्या वर्षी काही झाडं खुरटली, बाकीची चारचौघांसारखी वाढली. विभागप्रमुख सर म्हणजे पेठेत मुरलेला माणूस. ते म्हणाले, "बाई, एवढ्या किरणांत निदान फुटाणे तरी झाले असते." पण त्या झाडांचं बी दुसऱ्या वर्षी पेरायला त्यांनी परवानगी दिली. अट एकच घातली, की त्या हिवाळ्यात दाखवण्यासारखं काही निघालं नाही तर हे काम बंद.

आणि निघालं! जानेवारीतल्या एका रविवारी बाई ओळींतून वाकून चालल्या होत्या, त्या एकदम मटकन खालीच बसल्या. मला वाटलं, काही चावलं. हरभऱ्याचं पान तुम्हाला माहीत आहे, एका काडीला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पानं लागलेली असतात. या झाडाला तसं एकही नव्हतं. प्रत्येक काडीच्या जागी एकेक रुंद, अख्खं पान. सबंध शेतात असं हे एकच झाड. बाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी रुमालाची चिंधी फाडून झाडाला बांधली आणि बस चुकू नये म्हणून आम्ही अक्षरशः धावत निघालो. घाट्यांत दाणा भरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं ठरलं. घाटे भरत आले तसं बाईंनी सरांना आमंत्रण दिलं.

सर आले. टोपी घालून, छत्री घेऊन, बांध तुडवत आले. बाई पुढे, मी मागे. चिंधी कुठे दिसेना. झाडही दिसेना. ओळ कशी आखल्यासारखी एकसारखी.

मावशी कौतुकानं पुढे आल्या. "सायेब येनार म्हनून समदं निवडून घेतलं बगा. एक भेसळ ठिवली न्हाई."

"मावशी, ते चिंधीचं झाड?"

"उपटलं की सकाळीच! तुमीच खूण केली हुती न्हवं?"

चूक कुणाची म्हणायची? त्यांच्या घरी बियाण्याच्या शेतात फिरताना वेगळं झाड दिसलं की त्याला चिंधी बांधत, आणि मागून येणारा ते उपटून टाकी. बी शुद्ध राहतं ते त्यानंच. मावशींनी सगळी हयात तेच केलं होतं आणि पाहुण्यांपुढे बाईंची लाज राखली होती.

"टाकलंत कुठे?"

"म्हशीम्होरं."

बाई धावल्या. त्या वयात, नऊवारीत, गोठ्याकडे अशा धावल्या की सरांनी छत्री मिटायचं विसरून पाहत राहावं. म्हैस शांतपणे रवंथ करत नव्हती, ती चक्क खात होती. बाईंनी तिच्या तोंडातलं टोक धरलं, म्हशीनं दुसरं सोडलं नाही, आणि मावशी मधे पडून दोघींनाही ओरडू लागल्या. शेवटी बाईंच्या हाती एक फांदी आली. तिला थोडे घाटे होते, अजून हिरवेच.

सर म्हणाले, "म्हशीच्या तोंडातलं संशोधन छापतं कोण, तेवढं मला कळवा." त्यांनी काम बंद केलं. त्यांच्या जागी असतो तर मीही केलं असतं. ते एक झाड नुसतं चुकून तसं वाढलं असेल, तर त्याला काही अर्थ नव्हता. त्याच्या पोरांतही अख्खंच पान आलं, तर मात्र किरणांनी बियाण्यात कायमचा बदल केल्याचं दाखवता आलं असतं. पण ते कोवळे दाणे उगवणार की नाही, हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

आपण काय उपटलं ते कळल्यावर मावशींनी त्या दिवसापासून जेवणात हरभऱ्याची भाजी खाल्ली नाही. मला ते फार लागलं. पुढच्या थंडीत त्यांनी विहिरीजवळची जागा स्वतः भुसभुशीत केली, दाणे बाईंच्या हातून पेरून घेतले आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं. "आता म्हस काय, माजा ल्योक बी आत येनार न्हाई," असं त्या म्हणाल्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्याच थंडीतली एक सकाळ दिसते. त्यांचा तास चालू होता, मी मागे स्लाइड लावत होतो. दारात मावशी उभ्या राहिल्या. पायांना चिखल, धाप लागलेली, पहिल्या बसनं आलेल्या.

"बाई! उगवलं! समदी अख्खी पानं! एक बी फाटकं न्हाई!"

बाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला दिला, चष्मा टेबलावरच राहिला, आणि मावशींचा हात धरून त्या निघून गेल्या. साऱ्या वर्गानं उगाचच टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून सर आले. रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "बाई कुठे आहेत?" मी सांगितलं. सर खोलीत जाऊन टोपी आणि छत्री घेऊन आले.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा मांजरीची बस वळणावर होती. मागच्या खिडकीत दोघींची डोकी दिसत होती. बाई दोन्ही हात फैलावून कंडक्टरला काहीतरी समजावत होत्या आणि तो तिकिटं फाडायचं सोडून ऐकत होता. सरांनी छत्री उंच करून हाका मारल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

"दुसरी तासाभरानं आहे," मी म्हणालो.

सर बाकावर बसले. "थांबू," म्हणाले.