सासऱ्यांची गाडी आणि साडूचा पान्हा

गेल्या सोमवारी भल्या सकाळी सासऱ्यांच्या गेटबाहेर उभा राहून मी देवाकडे एकच मागत होतो... गाडी चालू होऊ नये. मोठ्या जावयाला शोभणारी प्रार्थना नाही ही, पण खरं ते सांगतो.

सासरे इंदिरानगरला राहतात, आम्ही पाथर्डी फाट्याला. सासूबाई गेल्या, दोन्ही मुली आपापल्या घरी, त्यामुळे घरात ते आणि त्यांची जुनी गाडी एवढेच. रोज सकाळी गाडी काढून गोदापार्कला फिरायला जायचं हा त्यांचा नेम.

थंडी पडली आणि गाडी सकाळी कुंथायला लागली. सेल्फ मारला की जड फिरायचा... घर्र... घर्र... आणि तीन-चार वेळा प्रयत्न केल्यावर कशीबशी सुरू व्हायची. मग सासऱ्यांचा फोन ठरलेला, "जावईबापू, जरा येता का? परत रडतेय." मी ऑफिसच्या आधी स्कूटरवर जायचो, गाडी सुरू करून द्यायचो आणि त्यांच्या हातचा गवती चहा घेऊन निघायचो.

मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण प्रयत्नांत कसूर केली नाही. बॅटरीवाल्याकडे नेली, तो म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे. इलेक्ट्रिशियनने सेल्फ खोलून पाहिला, त्यातही काही सापडेना. शेवटी मीच बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धुतली आणि पान्ह्याने टर्मिनल चांगले आवळले. दोन दिवस गाडी झकास... आणि मग पुन्हा फोन!

अशात पुण्याहून पराग आला. पराग म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा माणूस मिक्सर दुरुस्त करतो, वायफाय दुरुस्त करतो, वर पोळ्यासुद्धा गोल लाटतो. सासऱ्यांना तो थेट 'पप्पा' म्हणतो आणि ते त्याच्या पाठीवर थाप मारतात. मी इतक्या वर्षांनंतरही जावईबापूच... पाठीवर थाप नाही, काही नाही. मला त्याचा हेवा वाटतो. लपवून काय करू, पोटात दुखतं अगदी.

रविवारी सकाळी गाडी कुंथली. पराग एका हातात चहाचा कप घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि दोन बोटांनी टर्मिनल हलवून बघितलं. "दादा, हे तर लूज आहे! कोणी आवळलं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेसुद्धा. सासरे तेवढे तुळशीची वाळकी पानं खुडत बसले होते.

मी घट्टच आवळलं होतं हो... पण तेव्हा ते सांगणं म्हणजे सारवासारव वाटली असती. परागने स्वतःच्या गाडीच्या डिकीतून पान्ह्यांची पेटी काढली, टर्मिनल आवळलं आणि गाडी एका झटक्यात सुरू! "परागच्या हाताला गुण आहे," सासरे म्हणाले. ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात घर्र घर्र करत राहिलं.

संध्याकाळी पराग पुण्याला गेला. सोमवारी सकाळी फोन आला नाही. मी घरचा चहा समोर घेऊन मोबाइलकडे बघत बसलो होतो... गाडीच रडत नसेल तर मला कशाला कोण बोलावेल? मग मात्र राहवेना. स्कूटर काढली.

गेटमधून पाहतो तर बॉनेट उघडं. माकडटोपी घातलेले सासरे दोन्ही हातांनी पान्हा धरून टर्मिनलशी झटत होते. चांगलाच दम लागला होता त्यांना.

"काय करताय हो?" मी विचारलं.

ते दचकले. मग पान्ह्याकडे बघत म्हणाले, "परागने फारच घट्ट आवळलंय हो. सैलच होत नाही."

मला समजायला एक क्षण लागला. आणि मग जो काही राग आला म्हणता... ते बॅटरीवाल्याकडचे हेलपाटे, ती पावडर घासणं आणि रविवारी सगळ्यांसमोर झालेली शोभा! "अहो, पण कशासाठी?" माझा आवाज चढलाच.

सासऱ्यांनी पान्हा स्वेटरला पुसला. "गाडी नीट चालली तर तुम्ही कशाला याल सकाळचे?" म्हणाले. "नुसतं चहाला या म्हणून जावयाला रोज उठून फोन करायचा... बरं दिसतं का ते?"

नीट उभी असलेली स्कूटर मी उगाच पुन्हा स्टँडला लावली. मग त्यांच्या हातातून पान्हा घेतला, टर्मिनल घट्ट आहे ना पाहिलं आणि बॉनेट बंद केलं. "चहा टाका," म्हटलं, "आज मीही येतो गोदापार्कला."

आता गाडी रोज एका झटक्यात सुरू होते. फोन मात्र अजूनही येतो, "परत रडतेय हो." मी म्हणतो, आलोच.

परवा परागने फोनवर विचारलं, "दादा, राहिली ना गाडी नीट?" खरी गोष्ट अगदी ओठांवर आली होती... एका वाक्यात माझी इभ्रत परत मिळाली असती. पण समोर सासरे बसले होते. "तुझ्या हाताला गुण आहे रे," एवढंच म्हटलं.

ही पोस्ट त्यांना आधी वाचून दाखवली. "टाका खुशाल," म्हणाले, "परागलाही कळू दे. पुढच्या वेळी जरा बेतानं आवळ म्हणावं."

परागचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू... पण सकाळचा तो गवती चहा त्याच्या नशिबात नाही. तो माझ्या नशिबात आहे.